तुम्ही विचारलंत म्हणून: हॉस्पिटलात चौक कशाला?

मी आर्किटेक्ट, हॉस्पिटलं आखते आणि मधोमध झाडांचा उघडा चौक ठेवते. "मॅडम, झाडं बघून पेशंट बरा होतो का?" कोल्हापुरातल्या राजारामपुरीत हॉस्पिटल बांधायला निघालेले डॉक्टर विचारतात, पैसे घालणारे त्यांचे सासरे विचारतात, काँट्रॅक्टर तर हसून विचारतो. खरा प्रश्न त्याच्या पोटात असतो: मधला चौक भरून टाकला तर सहा बेड बसतात, ते का सोडायचे?

नाही होत बरा. झाडं बघून पित्ताशयातला खडा विरघळत नाही, आणि तसं मी कधी म्हटलेलंही नाही. मी सांगते ते रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाचं. १९८४ साली 'सायन्स'मध्ये त्याचा एक छोटासा अभ्यास छापून आला. पेनसिल्व्हेनियातलं एक हॉस्पिटल, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, त्यांच्या २३ जोड्या. जोडीतल्या एकाला खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली, आणि नर्सच्या नोंदींत त्यांची कुरकुरही कमी होती.

पाऊण दिवसासाठी सहा बेड? हा हिशोब तुमच्याआधी मी मांडून बसलेय. ४६ माणसं म्हणजे फार नव्हेत. पुढे २०१३ साली आयसीयूतल्या सहा हजारांवर पेशंटांचा अभ्यास झाला, त्यात खिडकीने ना मुक्काम घटला ना खर्च. तेही मला ठाऊक आहे. ऑपरेशन थिएटरला मी खिडकी मागत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्यांच्याजवळ कुंडीही ठेवू देत नाही, मातीत अॅस्परजिलसची बुरशी असते म्हणून. तरीही नकाशावर पहिली रेघ ओढते ती चौकाचीच. हट्ट म्हणा.

हट्ट कॉलेजातला. फिनलंडमधलं पायमिओचं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम, १९३३ सालचं, आर्किटेक्ट अल्वार आल्टोचं. पाइनच्या रानात, उन्हाकडे तोंड केलेल्या गच्च्या. आडव्या माणसाच्या नजरेतून खोली आखलेली: छताचा रंग डोळ्यांना निववणारा, दिवा डोळ्यांवर न येणारा. त्या वयात मला वाटायचं, हॉस्पिटल म्हणजे हा आडवा माणूस. आल्टोच्या पेशंटाशेजारी चटई टाकून कोणी झोपत नसावं. आमच्याकडे एका आडव्यामागे दोघं बसलेले असतात, डब्यासकट.

तर मी आखलेलं एक तीस बेडांचं हॉस्पिटल. नाव सांगत नाही, कोल्हापुरातल्यांना विचारायची गरजही नाही. मधोमध चौक, बकुळ, सोनचाफा, कडेने तगर, बसायला काळ्या दगडाचा कट्टा. सातवीण मुद्दाम टाळली, ऑक्टोबरात तिच्या वासाने धडधाकट माणसाचं डोकं उठतं. दोन्ही वॉर्डांच्या खिडक्या चौकात उघडणाऱ्या. पहिला उन्हाळा कौतुकात गेला.

मग पाऊस लागला. जुलैत काही वाळत नाही हे कोल्हापुरात कोणाला सांगायला नको. डॉक्टरांनी बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर मोबाईल धरला. सोनचाफ्यावर चादरी, तगरीवर लंगोट, कट्ट्यावर घासलेले डबे, नाल्याच्या तोंडाशी भाताचा थर आणि त्यात एक घूस. "हे बघा तुमचं निसर्गोपचार केंद्र." मी लगेच उसळले. मागच्या बाजूला नातेवाइकांसाठी मोरी होती, नळ होता, तारांची जागा होती, नकाशात सही-शिक्क्यासकट होती. तिथे मेडिकल स्टोअर कोणी आणलं? भाडं कोण घेतं? डॉक्टर गप्प बसले. तेवढ्यात मेट्रन सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, रात्रपाळीला आम्ही दोघी. पहिल्या बेडपासून शेवटच्यापर्यंत जायचं तर चौकाला प्रदक्षिणा. देवळाला घालतात तशी. सकाळपर्यंत पाय राहत नाहीत." डॉक्टरांसाठी उत्तर होतं माझ्याकडे. सिस्टरांसाठी नव्हतं.

आम्ही खाली उतरलो. कट्ट्यावर एक बाई पिळलेली धडुती मांडीवर घेऊन बसली होती. वॉचमन तिला उठवत होता. ती त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलली, मी साडीत होते म्हणून असेल. "आवं ताई, जिन्यात बसलं की हाकलत्यात. वार्डात वास मारतोय. पोराची कापडं वाळवायला राधानगरीच्या म्होरं जाऊ व्हय? हितं वाईच बरं वाटतंय, तर हितनंबी उठवत्यात." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मावशी, वेटिंग हॉल आहे की." आठवड्यात दोन्ही दारांना ग्रिल आणि कुलूप लागलं. किल्ली माळ्याकडे.

आता गंमत बघा. झाडं आहेत. पेशंटांना खिडकीतून दिसतात, आता तर चादरी नसल्याने जास्तच छान दिसतात. उलरिचच्या मापाने चौक चोख चालतोय. डॉक्टर पाहुण्यांना अभिमानाने दाखवतात, माझं नावही घेतात. आणि ज्यांना तिथे वाईच बरं वाटत होतं ते जिन्यात बसतात. त्यांचं बरं वाटणं कोणत्या तक्त्यात मांडायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून डॉक्टर चुकले का? घूस खरी होती. तीस बेडांच्या हॉस्पिटलात घूस फिरू द्या, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

कॉलेजातली मी म्हणाली असती, चौक पेशंटचा, बाकीच्यांनी बाहेर बसावं. तिच्याशी माझं अजून भांडण चालू आहे आणि दर वेळी मीच जिंकते असंही नाही.

हातातल्या नव्या कामात मोरी आणि तारा चौकातच घेतल्यात, भिंतीलगत. तिथे दुकान घालता येत नाही. डॉक्टर म्हणाले, शोभेल का? नाही शोभणार, म्हटलं. सिस्टरांच्या पायांचं मात्र जमत नाहीये. चौक अरुंद केला की वारा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ची मार्गदर्शिका साध्या वॉर्डात दर पेशंटामागे सेकंदाला ६० लिटर हवा मागते, आणि ती आमच्याकडे पंख्याने नव्हे, समोरासमोरच्या खिडक्यांनी यायची आहे. रुंद केला की प्रदक्षिणा वाढते. मधून पूल टाकला तर खालच्या झाडांवर सावली. सिस्टरांची दोन टेबलं केली तर पगार दुप्पट, तो डॉक्टर देणार नाहीत. कोणाकडे तोडगा असेल तर कळवा, 'चौकच नको' हा सोडून.