मंडळाचं ऑर्किड प्रदर्शन

थंडी ओसरू लागली की आम्हाला मंडळाच्या ऑर्किड प्रदर्शनाचे वेध लागायचे. तारीख जाहीर होण्याआधीच आपापल्या ऑर्किडच्या जातींबद्दल सभासदांचे एकमेकांना फोन सुरू. "तुमच्या डेंड्रोबियमला कळ्या धरल्या का?" "माझं सिंबिडियम यंदा घाईला आलंय, प्रदर्शनापर्यंत टिकेल ना?" प्रदर्शन वसंतातच का भरवायचं, हे या चौकशांवरूनच कळायचं. डेंड्रोबियम नोबिले हिवाळाभर गार आणि जवळजवळ कोरडं राहिलं, तर त्याच्या कांड्यांवर वसंतात पेरापेराला फुलं लगडतात. मायेपोटी पाणी घालत राहिलं, की फुलांच्या जागी इवली इवली रोपंच फुटतात. फॅलेनॉप्सिसलाही फुलाचा दांडा काढायला रात्रीचा गारवा लागतो. ज्यांनी हिवाळ्यात हात आवरला, त्यांच्या कुंड्या वसंतात टेबलावर दिसायच्या.

दारातून आत गेलं की समोर मोठी मांडणी असायची. पांढऱ्या आणि जांभळ्या फॅलेनॉप्सिसच्या कमानी, मध्ये पाण्याचा झरा, आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी. देखणीच असायची ती, पण माझे पाय वळायचे भिंतीलगतच्या लांब टेबलाकडे. तिथे सभासदांनी स्वतः वाढवलेली झाडं असायची. मातीच्या कुंड्यांत, लाकडी पट्ट्यांच्या टोपल्यांत, सालीच्या तुकड्यांवर बांधलेली. मांडणीतली झाडं रोपवाटिकेतून आलेली, सगळी एका मापाची. टेबलावरचं प्रत्येक झाड मात्र कुणाच्या तरी खिडकीत किंवा गॅलरीत वर्षभर राहून आलेलं असायचं. कुणाचं पान उन्हाने करपलेलं, कुणाची मुळं कुंडीबाहेर हातभर लोंबणारी. मला प्रदर्शनाचा जीव त्या टेबलावर वाटायचा, आणि अजूनही वाटतो.

त्या टेबलामागे मंडळाचे सगळ्यात जुने सभासद बसायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. हातात भिंग, खिशात आगकाड्यांची पेटी. कुणी नुसतं "किती सुंदर!" म्हणून पुढे निघालं, की ते हाक मारायचे, "अहो, थांबा जरा, आत बघा." मग एखादं फूल भिंगाखाली धरून समजावायचे. बाहेरची तीन दलं, आतल्या दोन पाकळ्या, आणि तिसरी पाकळी वेगळीच वाढून झालेला ओठ. किडा उतरतो तो या ओठावर. कळी असताना ओठ वरच्या बाजूला असतो. उमलता उमलता फूल देठावर अर्धा वळसा घेतं, तेव्हा तो खाली येतो. "देठ नीट बघ, पीळ दिसेल," असं ते म्हणायचे, आणि खरंच बारीक पीळ दिसायचा. मधोमध स्तंभ, ज्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव झालेले. काका आगकाडीचं टोक हळूच स्तंभाच्या खालून वर सरकवायचे. टोकावरची टोपी निघून यायची आणि काडीला दोन पिवळेजर्द गोळे चिकटलेले दिसायचे. फुलाचे सगळे परागकण त्या दोन गोळ्यांत बांधलेले. मुलं श्वास रोखून बघायची, आणि मोठी माणसंही.

एक मावशी दर वर्षी अँग्रेकम सेस्क्विपेडालेची कुंडी आणायच्या. हे मादागास्करचं ऑर्किड. मेणासारखं पांढरं, ताऱ्याच्या आकाराचं फूल, आणि त्याच्या मागे सुमारे ३० सेंटीमीटर लांबीची हिरवट नळी. मध असतो तो नळीच्या अगदी तळाशी. १८६२ साली डार्विनने हे फूल बघून सांगितलं होतं, की एवढ्या लांब सोंडेचा पतंग मादागास्करात असलाच पाहिजे. तसा पतंग सापडून त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं १९०३ साली. डार्विन तर १८८२ मध्येच गेला होता. मावशी ही हकिकत प्रत्येक नव्या पाहुण्याला तितक्याच उत्साहाने सांगायच्या, आणि संध्याकाळपर्यंत थांबायचा आग्रह करायच्या. कारण हे फूल रात्रीच्या पतंगांसाठी आहे. दिवसभर त्याला फारसा वास नसतो, अंधार पडू लागला की सगळा कोपरा दरवळतो.

मुलांची झुंबड मात्र दुसऱ्या बाजूच्या नवलाईच्या झाडांकडे. मातीशिवाय जगणारी टिलँड्सिया, झाकण असलेल्या सुरया लोंबवणारी नेपेंथिस, भिंतीवर टांगलेलं सांबरशिंगासारख्या पानांचं नेचं. पानांत किडे पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपभोवती तर रांग लागायची. त्याच्या पानातल्या बारीक केसांना वीसेक सेकंदांत दोनदा धक्का लागला, तरच पान मिटतं. एकदाच लागला तर मिटत नाही, म्हणजे पावसाच्या एखाद्या थेंबाने झाडाची फसगत होत नाही. तिथे उभी असलेली ताई कुणाला बोट लावू द्यायची नाही. उगाच मिटायला लावलं की झाडाची शक्ती फुकट जाते, पाच वर्षांच्या मुलालाही ती हे पटवून द्यायची. शेजारीच एक बल्बोफायलम ठेवलेलं असायचं. सडक्या मांसाच्या वासाने माश्यांना बोलावणारं. नाक धरून पळणारी मुलं पुन्हा पुन्हा वास घ्यायला परत यायची.

मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ काढायचे तो बरण्यांपाशी. काचेच्या बंद बरण्यांत आगरवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर, उगवलेली नखाएवढी ऑर्किडची रोपं. ऑर्किडचं बी धुळीसारखं, एकेका शेंगेत लाखोंनी. पण त्याच्यात रोपासाठी अन्नाचा साठाच नसतो. निसर्गात ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. पूर्वी माळी मोठ्या झाडाच्या मुळाशी बी टाकून नशिबावर सोडायचे. १९२२ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी दाखवून दिलं, की साखर घातलेल्या आगरवर बुरशीशिवायही बी रुजतं. आज कुणाच्याही खिडकीत ऑर्किड दिसतं, त्यामागे हे काम आहे. बरणीतलं रोप फुलावर यायला कित्येक वर्षं जातात. एवढं माहीत असूनही बरणी विकत घेणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

मंडळाचा एक नियम होता, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटायचा. जंगलातून उपटून आणलेलं झाड टेबलावर चालणार नाही, मग ते कितीही दुर्मीळ असो. प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी हवी : झाडाचं नाव, ते कुठून मिळालं, कधीपासून जवळ आहे. पॅफिओपेडिलम या ऑर्किडपाशी साइट्स कराराचा, म्हणजे धोक्यातल्या रानटी प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराचा, फलक असायचा. १९७५ पासून लागू असलेल्या या करारात जवळजवळ सगळं ऑर्किड कुळ येतं, आणि पॅफिओपेडिलमच्या जंगली झाडांचा देशोदेशींचा व्यापार तर बंदच आहे. त्याच्या चपलेच्या आकाराच्या फुलांपायी, हौशी लोकांच्या हावेपायी, जंगलंच्या जंगलं ओरबाडली गेली. "आवड असेल तर धीर हवा," काका यावर एवढंच बोलायचे, पण आवाज चढवून.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर वाटपाला सुरुवात व्हायची. ज्यांची झाडं कुंडीत मावेनाशी झाली, ते ती तिथेच सोडवायचे. वर्तमानपत्र पसरायचं, कुंडी आडवी करायची, सुरी ज्योतीवर धरून घ्यायची म्हणजे एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागत नाही. सिंबिडियमचे पानं झडलेले जुने कंद टाकाऊ दिसतात, पण त्यांच्या बुडाशी डोळा जिवंत असेल तर नवा कोंब फुटतो. काका असे कंद कागदात गुंडाळून नव्या सभासदांना द्यायचे आणि बजावायचे, "पाणी कमी. मुळं बघायची. चंदेरी दिसली तर तहान लागलीय, हिरवी असली तर हात लावायचा नाही."

काका आता नाहीत. मागच्या प्रदर्शनात त्यांच्या सिंबिडियमच्या तीन कुंड्या टेबलावर होत्या, तीन घरांत वाढलेल्या. फूल तिन्हींचं तेच, पोपटी, ओठावर तांबडे ठिपके. पण एकीला दांडे दुप्पट. तिला बक्षीस मिळालं आणि तिथेच वाद रंगला : सकाळचं ऊन किती तास द्यायचं, खत कधी थांबवायचं, कुंडी बदलायची ती फुलांआधी की नंतर. तिघंही सभासद आपापल्या कुंडीवर हात ठेवून तावातावाने बोलत होते. मी म्हटलं, नंतरच. मग माझ्याशीही वाद सुरू झाला, आणि हॉल बंद करायची वेळ झाली तरी तो मिटला नव्हता.