सोयाबीनचा भाव आणि एक बुकमार्क

औशात माझं कृषी सेवा केंद्र आहे. खत-बियाणं विकता विकता एक काम मीच गळ्यात घेतलं: रोज संध्याकाळी सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे भाव व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. लातूर, औसा, उदगीर, निलंगा, अहमदपूर, एवढ्या बाजार समित्या. एका संकेतस्थळावर तक्ता येतो. त्यात आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर असे रकाने. तो माउसनं ओढून कॉपी केला आणि व्हॉट्सॲपमध्ये टाकला की सगळी खिचडी. आवक कुठली नि दर कुठला, कळत नाही. म्हणून मी दोन वर्षं हातानंच टाईप करत होतो.

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनच्या भावात क्विंटलला ४,२५० च्या जागी ४,५२० पडलं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, बाजार त्याच्या बराच खाली, त्यात सणाला पैसा लागतो. अशा वेळी दोनशे सत्तर रुपये वर दिसले की माणूस थांबत नाही. एक काका तीस कट्टे टेम्पोत घालून लातूरच्या अडतीवर गेले. संध्याकाळी दुकानात आले, भांडले नाहीत. नुसतं म्हणाले, "मालक, तुमच्या मेसेजवर टेम्पो केला व्हता मी." भांडले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात पुण्याचा भाचा आला. तो म्हणाला, "मामा, आकड्याला हातच लावू नका. बुकमार्कलेट करून देतो." म्हणजे साधा बुकमार्कच, फक्त पत्त्याच्या जागी आधी 'जावास्क्रिप्ट' हा शब्द, मग कोलन आणि पुढे कोड. क्लिक केलं की नवं पान उघडत नाही, समोर जे पान उघडं आहे त्याच्यावरच तो कोड चालतो. तक्त्याच्या ओळी वाचायच्या, हव्या त्या बाजार समित्या उचलायच्या, 'औसा: आवक अमुक, सर्वसाधारण तमुक' अशी ओळ करायची आणि क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथं राहतं तिथं, ठेवायची. बस. काही इन्स्टॉल करायचं नाही.

हे सांगून तो गाडीत बसला आणि गेला. कोड वाटेतून आयफोनवर टाईप करून पाठवला. तिथून माझे चार दिवस.

आधी मी तो कोड सरळ ॲड्रेस बारमध्ये चिकटवला. क्रोम तिथे पेस्ट करताना सुरुवातीचं 'जावास्क्रिप्ट कोलन' काढून टाकतो. कोणी फसवून काहीबाही चिकटवायला लावू नये म्हणून. उरलेल्या कोडचा गुगलवर शोध झाला. फोन केला. "मामा, तिथं नाही. कंट्रोल डी दाबून कुठलाही बुकमार्क करा, मग त्याला एडिट करून पत्त्याच्या खान्यात टाका." टाकलं. क्लिक केलं. काहीच नाही. ना आवाज, ना सूचना. बुकमार्कलेटचा हा स्वभावच वाईट, चुकलं तरी तोंड उघडत नाही. एफ १२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो ती खिडकी, उघडला तेव्हा लाल ओळ दिसली. आयफोननं सरळ अवतरणचिन्हांची वाकडी, शेपटीवाली चिन्हं करून ठेवली होती. डोळ्याला फरक जाणवत नाही, ब्राउझरला मात्र ती चालत नाहीत. एकेक बदलली.

तरी गप्प. आता कारण वेगळं. भाच्यानं मला समजावं म्हणून मधे दोन तिरप्या रेघा देऊन मराठीत टीप लिहिली होती. पत्त्याच्या खान्यात सगळा कोड एका ओळीत येतो, त्यामुळे त्या रेघांच्या पुढचं सगळं टीपच समजलं गेलं. टीप काढली.

आता चाललं, पण तक्ता गायब! पांढऱ्या पानावर नुसते माझे भाव. कोडचा शेवटचा हिशेब मजकूर निघाला, तर ब्राउझर पानाच्या जागी तोच मजकूर दाखवतो. सगळा कोड एका फंक्शनच्या कंसात गुंडाळल्यावर ते थांबलं.

मग क्लिपबोर्ड अडला. नवी पद्धत, नेव्हिगेटर डॉट क्लिपबोर्ड, फक्त एचटीटीपीएसच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या, पानावरच मिळते. माझं तक्त्याचं पान साधं एचटीटीपी. तिथे जुनीच युक्ती लागते. कोड पानावर एक मजकुराची चौकट तयार करतो, त्यात भाव भरतो, सगळं निवडतो, एक्झेककमांड नावाच्या आज्ञेनं कॉपी करतो आणि चौकट काढून टाकतो. ही पद्धत आता बाद ठरवलीय म्हणे. माझ्याकडे चालते, चालेल तोवर चालवीन.

खरी गंमत मराठीची झाली. अहमदपूरचा भाव येईचना. अर्धा तास कोड तपासला, कोड बरोबर होता. तक्त्यात 'अहमदपुर' लिहिलेलं, पहिला उकार. मी दीर्घ लिहिलेला. शाळेत शुद्धलेखनाला कायम मार खाल्ला, आणि इथे शुद्ध लिहिलं म्हणून अडलो. आणि 'लातूर' शोधलं की 'लातूर-मुरुड'ची ओळही सोबत यायची, दोन्ही भाव 'लातूर' नावानं. तिथे नाव पूर्ण जुळलं तरच घ्यायचं असं केलं.

एक गोष्ट मी स्वतःहून घातली: वरती तक्त्यातली तारीख. कारण मशीन कालचा भावही तेवढ्याच टापटिपीनं कॉपी करतं.

दुकानात गर्दी असली की मी फोनवरून करतो. बुकमार्क सिंक होऊन फोनवर आलेला आहे. पान उघडायचं, ॲड्रेस बारमध्ये बुकमार्कचं नाव 'भाव' टाईप करायचं आणि खाली येणाऱ्या यादीतला ताऱ्याची खूण असलेला निवडायचा. घाईत दुसऱ्यावर बोट पडलं की भावगीतं निघतात.

शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं कोड मागितला, दिला. पण त्याला बजावलं, कुणाचाही आलेला कोड असा टाकू नको. तो ज्या पानावर चालतो तिथे तू लॉगिन असशील तर तुझ्याच नावानं काहीही करू शकतो. बँकेचं पान उघडं असताना तर माझाही दाबू नको.

ते काका अजून ग्रुपात आहेत. मेसेज गेला की त्यांचा फोन येतो, "मालक, आजचा मिशनीनं टाकलाव का हातानं?" मी मिशनीनं म्हणतो. मग ते अडत्याला फोन लावून विचारतात.