गडगडाट ऐकू आला की ट्रायपॉड गाडीत

उन्हाळ्यात दुपारी तीननंतर मला पूर्वेकडं बघितल्याशिवाय राहवत नाही. मंगल कार्यालयात असलो तरी जेवणाच्या पंगती सुरू झाल्या की एकदा बाहेर येऊन आभाळ बघून जातो. एप्रिल-मे ही लग्नसराई, माझ्या फोटोग्राफीच्या धंद्याचे दिवस, आणि नेमके तेच वळवाचे दिवस. लग्नं उरकली की तोच कॅमेरा घेऊन मी सांगोल्याच्या बाहेर माळावर जातो.

आमचा मुलूख उघडा आहे. साठ-सत्तर किलोमीटरवर तयार होणारा ढगसुद्धा इथून पायापासून माथ्यापर्यंत उभा दिसतो. पावसाळ्यात हे सुख नाही, तेव्हा सगळं आभाळच झाकलेलं असतं. वळवाचा ढग एकटा उभा राहतो. दुपारी पांढरा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत जातो, इतक्या वेगानं की कॅमेऱ्याची लेन्स बदलेपर्यंत त्याचा आकार बदललेला असतो. चाळीस अंशांनी तापलेली जमीन, समुद्राकडून आलेली दमट हवा आणि विदर्भापासून कर्नाटकाकडं उतरणारी, बातम्यांत जिला ‘वाऱ्यांची खंडितता’ म्हणतात ती, दोन वेगळ्या दिशांचे वारे जिथं भेटतात ती रेषा, हे सगळं जुळून आलं की हवा वर सुटते ती पंधरा किलोमीटर उंचीपर्यंतही जाते. त्याच्या वर तिला चढता येत नाही, मग ती आडवी पसरते. तो सपाट माथा म्हणजे ढगाची ऐरण. वादळ पूर्वेला आणि सूर्य पश्चिमेला असल्यानं संध्याकाळी ती ऐरण केशरी होते, खालचं पोट काळंनिळं राहतं आणि मधून पाऊस तिरपा खाली उतरताना दिसतो. मी हजारो नवऱ्या-नवरदेवांचे चेहरे टिपले आहेत, पण हात थरथरतो तो याच वेळी.

अंधार पडला की विजा. वीज टिपायला चपळाई लागते असं लोकांना वाटतं. रात्री चपळाईचा काही उपयोग नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) शंभर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) आठच्या आसपास, फोकस हातानं लांबच्या एखाद्या दिव्यावर धरून तिथंच सोडायचा आणि पंधरा-पंधरा सेकंदांचे फोटो एकामागून एक घेत राहायचं. शटर उघडं असताना वीज पडली तर ती स्वतःच स्वतःचा फोटो काढते. पडली नाही तर पुढचा फोटो. स्क्रीनवर मोठं करून बघितलं की मुख्य रेघेला फुटलेले फाटे दिसतात, जमिनीकडं वाट शोधत निघालेले आणि अर्ध्यात विझलेले. बहुतेक वेळा त्यातल्या एकालाच जमीन सापडलेली असते. डोळ्यांना वीज लपलपताना दिसते, कारण त्याच वाटेनं तीन-चार वेळा, कधी त्याहून जास्त वेळा झोत येतो. ती वाट जेमतेम काही सेंटिमीटर जाड असते आणि तिथली हवा क्षणभर तीस हजार अंशांच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती हवा एकदम फुगते, तोच कडकडाट.

आता मला जे सांगायचंय ते. चांगल्या फोटोला जे लागतं, नेमकं तेच वीज पडायला लागतं. समोर उघडा माळ हवा, उंचावर उभं राहायला हवं, फ्रेममध्ये एकटं बाभळीचं झाड किंवा टेकडीवरचं देऊळ हवं. फोटोग्राफरची नजर आपोआप अशाच जागेकडं जाते, आणि त्या जागेवर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे तुम्ही आणि तुमचा ट्रायपॉड. कार्बन फायबरचा घेतला म्हणजे धोका टळला असं काहीजण मला सांगतात. कार्बनमधूनही वीज वाहते.

११ जुलै २०२१ ला जयपूरमध्ये आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर वीज पडली आणि ११ जण गेले. पावसात बुरुजावर चढलेल्यांपैकी अनेकजण सेल्फी काढत होते. ती बातमी वाचल्यावर मला त्या पोरांचा राग आला नाही. वरून काय दिसत असेल ते मला कळत होतं.

आणि जाणत्यालाही वादळ सोडत नाही. अमेरिकेत टिम समारस नावाचा माणूस होता. आयुष्यभर टोर्नेडोंच्या, म्हणजे ढगातून जमिनीला टेकलेल्या वाऱ्याच्या भोवऱ्यांच्या, वाटेत यंत्रं ठेवून मोजमाप घेतलं, विजेच्या क्षणाचे फोटो काढता यावेत म्हणून अतिवेगवान कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्या क्षेत्रातले लोक त्याला सर्वांत सावध माणसांपैकी एक मानायचे. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळच्या टोर्नेडोत तो, त्याचा मुलगा आणि त्यांचा सहकारी तिघंही गेले. तो टोर्नेडो काही मिनिटांत ४.२ किलोमीटर रुंद झाला होता. आपल्याकडं तसले टोर्नेडो होत नाहीत, पण ढग क्षणात कसा बदलतो हे इथंही तसंच आहे.

म्हणून माझा नियम सरळ आहे. गडगडाट ऐकू आला की ट्रायपॉड गाडीत, मी गाडीत, काचा वर. आवाज ऐकू येतो म्हणजे आपण विजेच्या पल्ल्यात आलेलो असतो. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर, हे गणित शाळेतल्या पोरांनाही येतं, पण पुढची वीज कुठं पडेल हे त्या गणितातून कळत नाही. ऐरणीच्या कडेवरून निघालेली वीज पाऊस नसलेल्या, वर निळं आभाळ असलेल्या जागीही पडते, ढगापासून दहा-पंधरा किलोमीटरवर. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय मी दार उघडत नाही. गाडी पत्र्याच्या टपाची हवी. मोटारसायकल, उघडा ट्रॅक्टर, पत्र्याची छपरी, यांतलं काहीच चालत नाही. गाडीत काच थोडी खाली करून कॅमेरा टेकवायला ज्वारी भरलेली कापडी पिशवी ठेवली आहे, पण तीसुद्धा वादळ लांब असेपर्यंतच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर आहे, आसपास कुठं विजा पडताहेत ते त्यावर कळतं.

लांबून काढलेला फोटो कमी प्रतीचा असतो असं मात्र मी मानत नाही. फार जवळ पडलेल्या विजेनं सगळा फोटो पांढरा होऊन जाऊ शकतो. वीस-पंचवीस किलोमीटरवरून ढगाचं पोट, ऐरण, पावसाचा पडदा आणि वीज, सगळं एका चौकटीत येतं. वादळ म्हणजे काय हे लांबूनच दिसतं.

मला निदान लांब जायची सोय आहे. त्याच माळावर मेंढरं घेऊन निघालेला धनगर, कांदा काढणाऱ्या बायका, लिंबाखाली आडोशाला आलेली म्हातारी माणसं, ही वादळाच्या खालीच असतात. सरकारी नोंदीप्रमाणं २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं मेली. आमचे आबा गुरं वळायचे तेव्हापासून सांगत आलेत, “झाडाखाली नगं थांबू रं, भिजलास तर वाळशील.” गाडीत जागा असेल तर वाटेत दिसतील त्यांना मी आधी बसवून घेतो. फोटो गेला तर गेला.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दाजी, जुनोनीकडं बेदाण्याचं शेड चालवतात. जाळ्यांवर थरावर थर द्राक्षं वाळत असतात आणि वाऱ्याबरोबर तिरपा पाऊस आत आला की बेदाणा काळा पडतो, दर निम्म्यावर येतो. ज्या ढगाकडं मी डोळे विस्फारून बघतो, त्याच ढगानं त्यांचं वर्ष जातं. म्हणून आता पहिला फोटो त्यांच्याच मोबाईलवर जातो, खाली एक ओळ लिहून: “दाजी, जतकडनं येतोय, तासाभरात पोचंल.” ते लगेच कामगारांना हाक मारून शेडच्या पूर्वेच्या बाजूची ताडपत्री खाली सोडायला लावतात. मागच्या एप्रिलमध्ये त्यांचा उलटा फोन आला, “अजून एक फोटो टाक, ढग वळला का बघू.” वळला होता. तो पाऊस मंगळवेढ्याच्या बाजूला पडला आणि दाजींनी ताडपत्र्या पुन्हा वर बांधल्या.