आकडे जुळले, काकांचं जुळेना

काकांच्या खिशातल्या जुन्या श्रवणयंत्राची वायर चिकटपट्टीच्या आधाराने कशीबशी तग धरून होती आणि नवी मिळत नव्हती, म्हणून मुलगी काकांना माझ्याकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, घेऊन आली. मी बोलायला लागताच काकांनी यंत्राची डबी खिशातून काढून थेट माझ्या तोंडापुढे धरली. माइक त्या डबीत असतो. तो बोलणाऱ्याजवळ नेला की आजूबाजूचा गलका आपोआप मागे पडतो. आजच्या यंत्रांत दोन माइक आणि एक प्रोसेसर मिळून ज्यासाठी धडपडतात, ते काका नुसत्या हाताने साधत होते.

ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे ऐकू किती येतं ते दाखवणाऱ्या आलेखाप्रमाणे, प्रोग्रॅम करून मी दोन्ही कानांमागे डिजिटल यंत्रं बसवली. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ पोचणारा आवाजही मोजला. हवे तितके आकडे अगदी जुळले.

काका म्हणाले, "मॅडम, हे बंद आहे."

बंद नव्हतं. जुनं ॲनालॉग मशीन कुजबुज असो की दार आपटणं, सगळं सारख्याच पटीत वाढवतं आणि क्षमता संपली की आवाजाची टोकं छाटून टाकतं. पण नस कमजोर झालेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सोसत नाही. मधली पट्टी अरुंद असते. म्हणून नवं यंत्र हळू आवाज जास्त वाढवतं, मोठा कमी. याला कम्प्रेशन म्हणतात. शास्त्र बरोबर, पण काकांच्या मेंदूने छाटलेल्या दणदणाटालाच ऐकणं मानलेलं.

"एवढंसं यंत्र, त्यात जोर कुठून येणार?" मुलीची शंका वेगळीच. लहान आकाराचा आणि जोराचा संबंध नाही, हे मी तिला सांगितलं. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत 1947 साली ट्रान्झिस्टर, म्हणजे आवाजाचा विद्युत संकेत वाढवणारा इवलासा भाग, बनला आणि 1952च्या अखेरीस तो श्रवणयंत्रात आलाही, ट्रान्झिस्टर रेडिओच्या आधी! त्याआधी हेच काम करणाऱ्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबसाठी जड बॅटऱ्या अंगावर बाळगाव्या लागत. खरी अडचण दुसरीच झाली. यंत्र कानामागे गेलं तसा माइक स्पीकरच्या शेजारी आला आणि शिट्टी वाजू लागली. खिशातल्या डबीला हा त्रास फारसा नव्हता. शिट्टी ओळखून उलट लहरीने ती मारणं नीट जमलं ते डिजिटलमध्येच. कानात मावणारी पूर्ण डिजिटल यंत्रं 1996 साली बाजारात आली.

मग मी कम्प्रेशन जवळजवळ काढून टाकलं आणि आवाज चढवला. स्क्रीनवरचा आलेख बिघडला. विद्यार्थ्याने असा आलेख आणला असता तर मी परत पाठवला असता.

"आता चालू झालं," काका म्हणाले.

डाव्या कानावर मात्र अडलं. "त्यात नुसता कलकलाट आहे, उजवंच द्या." ऑडिओग्रामवर दोन्ही कान सारखे होते, पण शब्द ओळखायच्या चाचणीत डावा बराच मागे पडला. वर्षानुवर्षं डबीची वायर उजव्यालाच जोडलेली. डाव्याची शब्द ऐकायची सवयच मोडली होती. तो सोडून दिला तर आणखी मागे पडेल. शिवाय आवाज कुठल्या बाजूने आला हे कळायला दोन्ही कान लागतात. मी डाव्याचा आवाज थोडा उतरवला. रोज घरात, शांत वेळी, दोन्ही यंत्रं घालून बसायचं असं ठरलं. काका कबूल झाले, पण मुलीकडे बघत. कम्प्रेशन पुढच्या भेटीपासून टप्प्याटप्प्याने वाढवेन. डाव्याचा निर्णय शब्दांची चाचणी पुन्हा घेतल्यावर.