रद्दीच्या कलानं

लग्नसराई सरली की मराठवाड्यातल्या घराघरात पत्रिकांचा गठ्ठा उरतो. वर गणपती छापलेला, त्यामुळे टाकवत नाही आणि ठेवायलाही जागा नाही. झीन करणाऱ्याला मात्र त्यात आयती मुखपृष्ठं दिसतात. झीन म्हणजे हातानं केलेला, झेरॉक्सवर वाढवलेला चिमुकला अंक. शाळेतल्या हस्तलिखिताचं जरा वाह्यात भावंड.

मजकूर आधी ठरवून मग कागद शोधायला निघालं की फसगत होते. रद्दी पुढ्यात घ्यावी, तिच्या कलानं अंक ठरवावा. झेरॉक्सच्या दुकानात एका बाजूनं छापलेले ए-फोर कागद ढिगानं मिळतात. (त्यात कुणाच्या आधार कार्डाची फसलेली प्रत निघाली तर ती आधी फाडून टाकावी.) आठ पानी झीनला हा कागद फार सोयीचा, कारण छापलेली बाजू घडीच्या आत दडते. कागद आडवा धरून आठ चौकटी पाडायच्या. खालच्या ओळीत डावीकडून 6, 7, 8, 1 आणि वरच्या ओळीत, डोकं खाली करून, 5, 4, 3, 2. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन चौकटींपुरतीच चीर द्यायची. ती कडेपर्यंत गेली की अंकाचे दोन तुकडे हातात येतात. काठाला 5 मिलिमीटर जागा कोरी सोडावी, नाहीतर मशीन तिथली अक्षरं खातं. शिसपेन फिकट उमटते. काळं जेल पेन बरं. पिना काढलेल्या आणि कोपरे सरळ केलेल्या कागदांवरच प्रती काढाव्यात, नाहीतर कागद अडकतो आणि दुकानदाराची बोलणी खावी लागतात.

जास्त पानं हवीत तर शिवण आली. पाच-सहा कागद एकात एक घालून मधोमध दुमडायचे. याहून जास्त घातले तर आतली पानं बाहेर डोकावतात, मग शिवून झाल्यावर कटरनं कड छाटावी लागते. पत्रिकेचं मुखपृष्ठ दुमडण्याआधी दोन्ही दिशांनी अलगद वाकवून बघावं. जिकडे सहज वाकतं तिकडेच घडी घालावी. आडव्या तंतूंवर घातलेली घडी तडकते, आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत तर हमखास. तशीच घालणं भाग असेल तर पट्टी धरून रिकाम्या बॉलपेननं आधी रेघ दाबून घ्यावी. सोनेरी छपाईवर शाई ठरत नाही. तिथं सरळ दुसरा कागद डकवावा.

घडीवर तीन भोकं, दोरा घडीच्या लांबीच्या अडीचपट. मधल्या भोकातून आत शिरायचं, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत आणि पुन्हा मधल्यातून बाहेर. गाठ मधल्या लांब टाक्याला कवेत घेऊन मारायची. पोती शिवायचा दाभण इथं उपयोगाचा नाही, भोक फाकतं. वाकळीची सुई नेमकी बसते. दोरा मेणबत्तीवरून ओढून घेतला की गुंतत नाही.

चिकटवायला खळ: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईस्तोवर ढवळायचं. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकत. ते विष आहे, घरात पोरं असली तर नकोच. खळीचा हात पातळ ठेवावा आणि अंक रात्रभर पाट्याखाली दाबावा. नुसता उन्हात ठेवला तर पापडासारखा वळतो.

कपाशीच्या बियाण्यांची रंगीत पाकिटं कितीही मोहात पाडोत, वापरू नयेत. बियाण्याला चोळलेल्या औषधाची भुकटी आत राहिलेली असते.

चिंध्यांपासून केलेला खडबडीत कागद हवाच असेल, तर दौलताबादजवळचं कागजीपुरा हातकागदासाठी जुनं नाव आहे. तो फक्त मुखपृष्ठाला घ्यावा. झेरॉक्स मशीनमध्ये घालू नये, आणि वर लिहायचं झाल्यास पातळ शाई आधी कोपऱ्यावर टेकवून बघावी, पसरते.