पावतीपुस्तक

शाळेच्या स्मरणिकेसाठी मनोगत द्या म्हणून समितीचा चारदा फोन आला. छड्या, गॅदरिंग, गेटवरची चिंचा-बोरं हे बाकीचे लिहितीलच, मला त्या पावतीपुस्तकाचं लिहायचंय. छापायचं तर छापा.

साल १९८६, मी नववीत. कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलेलं, निपाणी भागात घराघरात तोच विषय, आणि त्याच पावसाळ्यात शाळेची कौलं गळायला लागली म्हणून वर्गणी काढली. माझं अक्षर बरं, म्हणून हेडसरांनी पावत्या लिहायला मला बसवलं. विडी वळणाऱ्या बायका मजुरीच्या दिवशी शाळेवरनं जाताना थांबायच्या, कुणी दोन रुपये कुणी पाच, पदराच्या गाठीतनं काढून द्यायच्या आणि पावती नीट घडी करून त्याच गाठीत बांधायच्या.

तंबाखूच्या वखारींत मात्र शाळेचे अध्यक्ष स्वतः जायचे, मला घेऊन. तिथं म्हणायचे, पोरा कार्बन काढ, मोठी रक्कम हाय, स्थळप्रत मी निवांत लिहितो. मी पाचशेची पावती फाडून द्यायचो. महिन्याभरानं पुस्तक हातात आलं तर स्थळप्रतीवर पन्नास, आणि ते अक्षर माझं नव्हतं.

घरी सांगितलं तर आबा म्हणाले, गप बस, आपला माल अध्यक्षांच्याच वखारीत जातोय. हेच आबा १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हायवे अडवून बसलेले, गोळीबार झाला तेव्हा तिथंच होते! पोलिसांना न भ्यालेला माणूस वखारवाल्याला भ्याला, हे मला अजून पचलेलं नाही.

पुढं हिशोब जुळेना, कपाटाची किल्ली शिपाईमामांकडं, मग आळ त्यांच्यावर. पारावर सगळे खरं काय ते बोलत होते पण सभेत एकानंही तोंड उघडलं नाही, कारण काय तर मराठी शाळेतच भानगड निघाली म्हटल्यावर कन्नडवाल्यांना आयतं कोलीतच मिळेल. दसऱ्याच्या आत मामा नोकरी सोडून बायका-पोरांसकट सासुरवाडीला गेले. १ नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा काळा दिवस, अध्यक्षांनी दंडाला काळी फीत बांधून मराठी शाळा जगली पाहिजे म्हणून असं काही भाषण ठोकलं की बायकांच्या डोळ्यात पाणी. त्यांचा नातू तेव्हा बेळगावला इंग्लिश मीडियमला, हे सगळ्या गावाला माहीत. टाळ्या मीही वाजवल्या.

मागच्या वर्षी एका वर्गमित्रानं वडिलांची जुनी वखार रिकामी करताना सापडलेल्या पावतीचा फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, अक्षरी रुपये पाचशे फक्त. एरवी दिवसभर वाजणारा ग्रुप एकदम गप्प, मग कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं.

मामांची मुलगी पण त्या ग्रुपवर आहे, सातवीपर्यंत आपल्याच शाळेत होती. तिनं एवढंच विचारलं, हे अक्षर कुणाचं?

माझं, एवढं टाईप करायला मला दोन दिवस लागले.