मराठी जिभेला पित्जंत्जत्जारा जमेल का?

मध्य ऑस्ट्रेलियात नोकरीला निघालेल्या नर्स आणि शिक्षक मंडळींचा हा ठरलेला प्रश्न. त्याला जोडूनच दुसरा: तिथल्या जेमतेम तीन-साडेतीन हजार आदिवासींची ही भाषा शिकून उपयोग काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. उच्चार जमतील, इंग्रजांपेक्षा लवकर. रोमन लिपीत टी, एन, एल या अक्षरांखाली रेघ दिसली की बिनधास्त ट, ण, ळ म्हणा. ही भाषा बोलणारे स्वतःला 'अणङु' म्हणवतात. त्यातला ण आपला रोजचा, पण पुढचा ङ सुटा आहे. 'वाङ्मय' म्हणताना जीभ टेकते तिथेच टेकवा, मागून ग येऊ देऊ नका. 'मी' म्हणजे 'ङयुलु'. शब्द ङ पासूनच सुरू होतो आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. क-ग, प-ब हा भेद नाही, ख-घ तर नाहीतच. जोर पहिल्या अक्षरावर.

व्याकरणात आपला 'ने' भेटतो. 'वतिङ्कु पापा न्यङु' म्हणजे पुरुषाने कुत्रा पाहिला. (हो, पापा म्हणजे कुत्रा.) मराठीत हा 'ने' भूतकाळापुरता, तिथे नामाला वर्तमानातही '-ङ्कु' लागतो आणि आपण तो हमखास गाळतो. शब्दांचा क्रम मोकळा असल्याने मग कोणी कोणाला पाहिलं तेच कळत नाही.

नात्यांत खरी गंमत. 'मामा' म्हणजे वडील, आणि वडिलांचे भाऊही मामाच. पेशंटसोबत दोन 'वडील' आले तर कोणी थापा मारत नसतं.

आता उपयोग. त्यांच्या मुलखातल्या अर्नाबेला या ख्रिस्ती मिशनच्या शाळेत १९४० पासून मुलं याच भाषेत लिहा-वाचायला शिकली, आणि आजही घरात हीच बोलली जाते. इन्मा, म्हणजे विधींतली गाणी आणि नाच, यांत पूर्वज ज्या वाटेने गेले ती वाट गायली जाते. पाणवठे त्या वाटेच्या क्रमाने येतात. जमिनीशी नातं सांगायची रीतच ती. १९८० मध्ये जमिनीच्या हक्कासाठी अणङु ॲडलेडच्या रेसकोर्सवर तळ ठोकून बसले, १९८१ मध्ये कायदा झाला आणि एक लाख चौरस किलोमीटरहून जास्त जमीन त्यांच्या मालकीची झाली. महाराष्ट्राचा तिसरा हिस्सा म्हणा ना.

दवाखान्यात इंग्रजीवर भागेल असं समजू नका. 'उवा' म्हणजे हो, पण तो होकार कधी नुसता 'ऐकतोय' असा, कधी निव्वळ भिडेचा असतो. 'गोळ्या घेता ना?' असं विचारूच नका. 'गोळ्या कधी, कशा घेता?' विचारा, तेही दुभाष्या सोबत घेऊन.

आणखी एक. माणूस गेलं की त्याचं नाव उच्चारत नाहीत. त्याच नावाच्या जिवंत माणसाला मग 'कुन्मनारा' म्हणतात, आणि त्या नावासारखा वाजणारा साधा शब्दही कधी बाजूला ठेवला जातो. तेव्हा मागच्या वर्षीची हजेरी मोठ्याने वाचण्याआधी ती स्थानिक सहकाऱ्याच्या नजरेखालून घाला.